कांदेपोह्यांच्या जागी याकिसोबा

माझ्या बायकोच्या धाकट्या मामांनी आयुष्यात एकही गोष्ट अर्धवट केली नाही, आणि त्यामुळे त्यांच्या आसपासच्या कुणालाही कधी स्वस्थ बसता आलं नाही. साधा खिळा मारायचा म्हटला तरी हा माणूस आधी भिंत ठोकून कान देऊन ऐकणार, मग पट्टीने माप घेणार, पेन्सिलीने खूण करणार, ती खूण पुसून पुन्हा करणार, आणि तोवर ज्याला कॅलेंडर टांगायचं होतं तो ते सुतळीने खिडकीच्या गजाला बांधून झोपी गेलेला असणार. मामा मूळचे साताऱ्याकडचे. तुर्भ्याच्या एका कारखान्यात मशिनी दुरुस्त करायच्या खात्यात नोकरी, कोपरखैरण्याला बैठं घर, घरात मामी आणि एकुलती एक मुलगी नंदा. मी वाशीला राहायचो आणि बायकोचं खरं माहेर लांब गावाकडे, त्यामुळे मामांचं घर हेच माझं व्यवहारातलं सासर झालं. जावयाला सासरी मान असतो असं मी ऐकून होतो. या सासरी मानाचा अर्थ एवढाच, की मामा जे काही नवीन करतील ते सगळ्यात आधी जावयाच्या पोटात जायचं.

नव्वद सालानंतर केव्हातरी त्यांच्या कारखान्याने जपानी बनावटीच्या नव्या मशिनी मागवल्या आणि त्या शिकून यायला मामांची निवड झाली. तोवर हा माणूस पुण्याच्या पलीकडे गेलेला नव्हता. सहा महिन्यांसाठी निघताना मामींनी शेंगदाण्याची, लसणाची, कारळ्याची अशा चटण्या डबे भरभरून दिल्या, त्या मामांनी पहिल्याच महिन्यात नुसत्या बोटाने चाटून संपवल्या. पुढे उपासमार. कँटीनमधल्या पदार्थात काय आहे ते विचारायची सोय नाही, आणि ताटातून आपल्याकडे टक लावून बघणारं काहीही खायची मामांची तयारी नव्हती. शेवटी कारखान्याच्या फाटकाबाहेर गाडी लावणाऱ्या एका म्हातारीने त्यांना वाचवलं. तिने जाड लोखंडी तव्यावर कोबी, गाजर आणि पिवळसर शेवया परतल्या, वरून काळा रस ओतला, सुक्या मासळीचा कीस भुरभुरला आणि ताटली पुढे केली. "पाव्हणं, पहिला घास गेला आन् डोळ्यातनं पानी आलं," मामा सांगायचे. "आंबट हाय, गोड हाय, खारट हाय, आन् नेमकं काय हाय ते कळत न्हाय. म्हातारीनं इचारलंबी न्हाय, गप दुसरी ताटली वाढली." ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे, की ती म्हातारी वाशीच्या बाजारात दिसली तरी मी तिला ओळखून नमस्कार करीन. पदार्थाचं नाव याकिसोबा. मामी त्याला कायम जपानी शेवयाच म्हणाल्या.

मामा परत आले ते निम्मे जपानी होऊन. पहिल्याच दिवशी दारातल्या सगळ्यांच्या चपला एका रेषेत, तोंडं बाहेरच्या बाजूला अशा लावून झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मामी आणि नंदाला अंगणात उभं करून हात वरखाली करायचा व्यायाम सुरू झाला. मामींनी तो एक दिवस केला आणि कंबर धरली म्हणून कायमची रजा घेतली. फोनवर बोलताना मामा कमरेतून वाकू लागले. समोरच्याला दिसत नाही हे मी एकदा सुचवून पाहिलं, तर म्हणाले, "आवाज वाकतो की." सगळ्यात कहर म्हणजे त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर पांढरा रंग देऊन त्यावर लाटणं, झारा, पळी, सांडशी, खोबऱ्याची किसणी या सगळ्यांच्या आकृत्या निळ्या रंगात काढल्या, आणि प्रत्येक वस्तूने आपापल्या आकृतीवरच टांगून घ्यायचं असा नियम केला. डब्यांना खुणा, बाटल्यांना खुणा, तांदळाच्या पिंपाला कमी झालं की दिसावं म्हणून तांबडी रेघ. मामींनी बंड वगैरे केलं नाही. त्या फक्त लाटण्याच्या आकृतीवर सांडशी टांगायच्या. "त्येंना दिवसभर शोधायला काम नगं का?" असं मला हळूच म्हणायच्या.

पण या सगळ्यात आम्हाला सर्वांत महाग पडलेली जपानी सवय वेगळीच होती. तिथल्या कारखान्यात म्हणे कुठल्याही कामगाराला माल सदोष दिसला, तर त्याने तिथल्या तिथे दोरी ओढून सगळं काम थांबवायचं. साहेब असो की झाडूवाला, ज्याला चूक दिसली त्याने ती बोलायची. मामांना हे इतकं पटलं की ते घरी येताना दोरीशिवाय सगळं घेऊन आले. आमटीत मीठ जास्त झालं की मामा हात वर करून "लाईन बंद!" म्हणायचे. मग कुणी घास तोंडात घालायचा नाही. मीठ कुणी घातलं, केव्हा घातलं, दोनदा का घातलं याचा छडा लागेपर्यंत आमटी गार. एका गणपतीत त्यांच्या गल्लीच्या मंडळात आरती रंगात आलेली, टाळ्यांचा कडकडाट चाललेला, आणि मामांनी हात वर केला. "थांबा! एक कडवं राहिलं." पोरांनी घाईत एक कडवं गाळलं होतं हे खरंच होतं. साऱ्या मंडळाला पहिल्यापासून आरती म्हणावी लागली. कापूर दोनदा लावावा लागला. त्यानंतर आरतीच्या वेळी मामा दिसले की मंडळाची पोरं शहाण्यासारखी कडवी मोजून म्हणायची.

अशा माणसाने घरी याकिसोबा करायचं मनावर घेतलं म्हणजे काय झालं असेल, याची कल्पना करा. तो रस इथे कुठे मिळणार? त्या शेवया कुठे मिळणार? पहिल्या खेपेला वाशीच्या चायनीजच्या गाडीवरून नूडल्स आणल्या. मी खाल्ल्या. मामांनी एक घास घेऊन लाईन बंद केली. दुसऱ्या खेपेला पाकिटातल्या आणल्या. त्याही मीच खाल्ल्या. तिसऱ्या खेपेला मामी वैतागून म्हणाल्या, "शेवयाच करायच्या ना? आमी काय उन्हाळ्यात गोट्या खेळतो का?" आणि त्यांनी मैदा भिजवला, त्यात कुरडया-पापडाच्या सवयीने चिमूटभर पापडखार घातला, आणि पाटावर शेवया ओढल्या. वाफवल्यावर त्या पिवळसर झाल्या, ओढल्या तर लवचिक, दातांखाली टचटचीत. मामा बराच वेळ त्या शेवयांकडे बघत राहिले. मग उभे राहून मामींना कमरेतून वाकून नमस्कार केला. मामी इतक्या लाजल्या की पदर तोंडाला लावून मोरीत निघून गेल्या. मामांनी बायकोचं कौतुक केल्याचं मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

रसाला मात्र सहा-सात महिने गेले. चिंचेचा कोळ, गूळ, मिरी, लवंग, टोमॅटो सॉस, सोया सॉस, व्हिनेगर अशी भट्टी लावली जायची. चवीत काहीतरी कमी आहे, काहीतरी कमी आहे असं म्हणत मामा फिरायचे. एक दिवस त्यांना उमगलं, की कमी आहे ती मासळी. कोपरखैरण्याच्या जुन्या गावठाणातली एक आगरी आजी सुकी मासळी विकायला बसायची. तिच्याकडून मामांनी सुके बांगडे आणले आणि त्याचा पातळ कीस निघावा म्हणून शेजारच्या सुताराचा रंधा उसना आणला. त्यांनी कौतुकाने आजीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "बांगड्याला रंधा मारतंस? अरं बाला, तुजं डोकं ठिकान्याव हाय ना?" कीस निघाला. उरलेल्या काट्यांचा आणि तुकड्यांचा अर्क रसात उकळला गेला. रंधा मामांनी साबणाने धुऊन परत दिला, पण आठवड्याने सुतार तो घेऊन दारात हजर. "तुमच्याकडंच राहू द्या. मी दरवाजा तासतो आणि मांजरं येऊन दरवाजा चाटतात."

कीस निघाला त्या दिवशी मात्र चव आली. मामांनी डोळे मिटले, उघडले, आणि दुसरा घास घेतला. तिथून पुढे दर रविवारी याकिसोबा. कारखान्याच्या भंगारातून रीतसर घेतलेली जाड लोखंडी प्लेट दोघांनी उचलून शेगडीवर ठेवायची; ती दोन्ही बर्नर झाकायची, त्यामुळे रविवारी त्या घरात चहा मिळत नसे. कोबी मामा स्वतः चिरायचे आणि अधूनमधून एखादा तुकडा बारीक मापं घ्यायच्या व्हर्नियरमध्ये धरून बघायचे. "आठ एमएमच्या वर गेला की कच्चा, खाली गेला की गाळ." प्लेट धुरायला लागली की तेल, कांदा, गाजर, कोबी. मग शेवया, त्यांच्यावर पाण्याचा हबका, वर झाकण. झाकण काढलं की दोन हातांत दोन पत्र्याच्या उलथन्या घेऊन मामा शेवया असे काही उधळायचे, की खिडकीतून गल्लीतली पोरं बघायला जमायची. रस शेवयांवर ओतायचा नाही, तापल्या प्लेटवर कडेने ओतायचा. चर्रर्र आवाज होऊन गूळ जरा करपला पाहिजे. शेवटी बांगड्याचा कीस, आणि लिंबात मुरवून गुलाबी झालेलं आलं. खरं सांगतो, पदार्थ उत्तम व्हायचा. पण सलग दोन वर्षं दर रविवारी पहिली ताटली खाल्ल्यावर माणूस कुठल्याही उत्तम पदार्थाला हात जोडतो.

अशातच नंदाच्या लग्नाचं निघालं. स्थळ दिघ्याचं. मुलगा ऐरोलीकडच्या एका कंपनीत, वडील तुर्भ्याच्या मार्केटातून निवृत्त झालेले, मूळ मामांच्याच साताऱ्याकडचे, त्यामुळे मामा-मामी खूश. त्यांना ठाऊक नव्हतं ते असं, की नंदा आणि तो मुलगा वाशीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये वर्षभर शेजारी बसत होते आणि मध्यस्थाला हे स्थळ सुचवायची व्यवस्था त्या दोघांनीच केली होती. हे नंदाने फक्त माझ्या बायकोला सांगितलं, म्हणजे मला कळलंच. एका संध्याकाळी नंदा आमच्या घरी आली ती रडवेली होऊन.

"दाजी, पप्पा बघण्याच्या कार्यक्रमाला याकिसोबा करणार म्हणतायत."

"पोहे नाही?"

"पोहे कोणीपण करतं म्हणे. दाजी, त्याचे वडील माळकरी आहेत. अंडंसुद्धा चालत नाही. त्यांचं मत फिरलं तर तो त्यांच्या शब्दाबाहेर जायचा नाही. मला लग्न करायचं तर इथंच करायचंय. प्लीज, तुम्ही पप्पांना समजवा ना."

मी गेलो. जावयाचा शब्द सासरी कोणी मोडत नाही असं म्हणतात. मामांनी तो मोडला नाही, नुसता ऐकून घेतला. मग म्हणाले, "पाव्हणं, पोहं खाऊन त्यास्नी काय कळणार? पोरगीच्या हाताला चव हाय का न्हाय ते पोह्यावरनं कळत न्हाय, फकस्त मीठ कळतं. आन् हे घर कसं काम करतं ते तर कायच कळत न्हाय." माळकऱ्याचा मुद्दा काढला तेव्हा मात्र ते एकदम गंभीर झाले. "ते माझ्या ध्यानात हाय. मासळीचा कण दिसायचा न्हाय. शब्द देतो."

आणि शब्द पाळायला मामांनी जे केलं ते बघून मला त्या आबांचा, म्हणजे मुलाच्या वडिलांचा, हेवा वाटला. लोखंडी प्लेट तीनदा लाल होईपर्यंत तापवून राखेने घासली गेली. सुके बांगडे आणि रंधा आजीच्या घरी रवाना झाले. उलथन्या नव्या. सुरी नवी. रसाची नवी भट्टी लावली ती बांगड्याशिवाय. ती बाटलीत भरून बाटलीला हिरवी खूण केली. जुन्या, मासळीच्या बाटलीला तांबडी खूण करून ती फळीवर मागे ठेवली. आदल्या रात्री मामा मला सगळं दाखवत होते तेव्हा त्यांच्या तोंडावर नव्या मशीनचं बटण दाबायच्या आधीचं सुख होतं.

मंडळी ठरल्या वेळी आली. आबा म्हणजे पांढराशुभ्र सदरा, डोक्याला टोपी, कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, बोलणं मोजकं. सोबत मुलगा आणि मध्यस्थ. मुलगा नंदाकडे मुद्दाम इतकं बघत नव्हता की कुणालाही संशय यावा. विचारपूस झाली, नंदा येऊन बसली, शिक्षण, स्वयंपाक, आवडनिवड हे सगळे ठरलेले प्रश्न झाले. मग मामा आत गेले आणि प्लेट तापवली. पाहुण्यांच्या आधी अन्नाला तोंड लावायचं नाही या घरच्या रीतीप्रमाणे त्यांनी काही चाखलं नाही. पहिला घाणा ताटल्यांत भरून बाहेर गेला.

आबांनी पहिला घास जरा भीतभीतच घेतला. दुसरा घेतला. मग त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. "हे काय म्हनायचं? झ्याक लागतंय की!" त्यांनी ताटली रिकामी केली आणि पुढे केली. "आनखी हाय का?" मध्यस्थाने माझ्याकडे बघून डोळा मारला. नंदाच्या तोंडावरचं हसू लपेना. म्हटलं, जमलं.

मी ताटली घेऊन आत गेलो. दुसरा घाणा तयार होता. पाहुण्यांचं खाऊन झालेलं असल्यामुळे मामांनी आता उलथनीच्या टोकावर चार शेवया घेऊन तोंडात टाकल्या. आणि ते थांबले. पुन्हा दोन शेवया घेतल्या. मग हिरव्या खुणेची बाटली उचलून तिच्या तोंडाशी नाक नेलं. तो माणूस असा पांढरा पडलेला मी कधी बघितला नव्हता.

"बाटलीत काय घातलंस?" त्यांनी मामींना विचारलं.

"कुठं काय? काल ती हिरवी बाटली उणी दिसली, म्हून मागची तांबडी तिच्यात वतली. रस तर एकच. वाया कशाला घालवायचा?"

"खुणा येगळ्या व्हत्या."

"असतील. कशाच्या त्ये कुठं सांगितलं तुमी?"

मामांनी बाटली खाली ठेवली. खरंच सांगितलं नव्हतं. घरातल्या प्रत्येक वस्तूवर खूण होती, आणि कुठलीच खूण कशाची ते घरात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. बांगड्याचा कीस घालायचा नाही एवढं मामींना नंदाने बजावलं होतं. रसात बांगडा असतो हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. आता त्यांच्या ते ध्यानात आलं आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

नंदा पाण्याचे पेले न्यायला आत आली होती. तिने सगळं ऐकलं. मी मामांचा दंड धरला. "मामा, गप्प बसा. आबांना काही कळलेलं नाही. कधी कळणारही नाही. हा घाणा टाकून द्या आणि संपलं म्हणून सांगा. मी केळी घेऊन येतो." माझं बोलणं शहाणपणाचं होतं, आजही मला तसंच वाटतं. मामा माझ्याकडे बघत नव्हते. ते नंदाकडे बघत होते.

"पप्पा, नको ना," नंदा म्हणाली. फक्त एवढंच.

मामांनी गॅस बंद केला. फडक्याला हात पुसले. मग नंदाच्या डोक्यावर हात ठेवून ते बाहेरच्या खोलीत गेले आणि आबांसमोर उभे राहिले. सवयीने त्यांचा हात वर गेला. "लाईन बंद," ते म्हणाले, पण इतक्या बारीक आवाजात की मध्यस्थाला वाटलं गॅसची लाईन बंद झाली.

"आबा, तुमच्या खान्यात मासळीचा अर्क गेलाय. जानून न्हाय गेला. पन गेला. चूक माझी हाय. खुणा म्या केल्या आन् घरात कुनाला सांगितल्या न्हाईत." आणि मामा कमरेतून वाकले. वाकले ते वाकलेच राहिले.

आबांनी ताटली खाली ठेवली, पाण्याचा पेला उचलला, बाहेर ओट्यावर जाऊन चूळ भरली. परत येऊन बसले नाहीत. गळ्यातल्या माळेला हात लावून ते मामांना म्हणाले, "तुमी बोलला नसता तर मला कळलं नसतं."

"न्हाय कळलं असतं."

"मग बोलला कशापायी?"

"तुमाला कळणार न्हाय म्हणूनच की. कळणार असतं तर तुमीच बोलला असता."

आबांनी टोपी सारखी केली, "येतो" म्हणाले आणि निघाले. मुलगा पाठोपाठ गेला. गल्लीच्या वळणावर त्याने मागे वळून बघितलं; आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघे दिसेनासे झाले. मध्यस्थ मात्र जाताना मला म्हणाला, "अहो, पोहे करायला काय धाड भरली होती?" मला त्याचं म्हणणं सोळा आणे पटलं.

त्यानंतर मामांच्या घराची कळाच गेली. नंदा बापाशी बोलायची बंद झाली. सकाळी डबा घ्यायची, संध्याकाळी यायची, भिंतीकडे तोंड करून पडायची. मामी येता-जाता डोळे पुसायच्या आणि मलाच विचारायच्या, "न्हाय बोलले असते तर काय बिघडत व्हतं हो?" मामांनी रविवारी प्लेट काढली नाही. मी गेलो तर ते बाटल्यांवरच्या खुणा पुसत बसलेले, आणि त्यांच्या जागी चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरांत नावं लिहीत होते. तांदूळ. तूरडाळ. रस, मासळीचा. "आता कुनीबी वाचंल," ते म्हणाले. मला त्यांचा इतका राग आला होता, आणि तरी तिथून उठून यावंसं वाटेना. पोरीचं मन मोडून या माणसाने आपला खरेपणा राखला, असं मी घरी येऊन बायकोला म्हणालो. बायको म्हणाली, "तुम्हाला ते तसे आहेत हे आजच कळलं का?"

एक दिवस संध्याकाळी आबा एकटेच मामांच्या दारात आले. मी तिथेच होतो. चपला त्यांनी आपणहून रेषेत काढल्या. गावी जाऊन महाराजांच्या हातून माळ परत घालून घेतली म्हणाले. "चार दिस लई चिडलो व्हतो. मग आमची ही म्हनाली, उद्या सुनंनं घरात कायतरी लपवलं तर चालंल का? म्हनलं, न्हाय चालायचं. मग ती म्हनाली, तर मग जिथं लपवत न्हाईत तिथलीच आना." थोडं थांबून त्यांनी मामींकडे बघितलं. "आन् चूक कुनाची व्हती ते बी कळलं व्हतं. वैनींचं तोंड दिसत व्हतं की मला आतल्या दारात." मामी उठून आत पळाल्या. नंदा दारामागेच उभी होती. ती आबांच्या पाया पडली, आणि मग आत जाऊन बापाच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. मामा तिच्या पाठीवर थोपटत एवढंच म्हणत होते, "आता गप. आता गप. पाव्हणं बसल्यात."

लग्न झालं. मामांच्या घरातून सुकी मासळी कायमची गेली, कारण आबांचं काही सांगता येत नव्हतं. त्यांना त्या जपानी शेवयांची चटक लागली होती, आणि ते नंदाला आणि मुलाला घेऊन रविवारी केव्हाही टपकायचे. मामा त्यांच्यासाठी बिनमासळीच्या रसाचं याकिसोबा करायचे, आबा दोन-दोन ताटल्या चेपायचे आणि "लई बेस" म्हणायचे. तीनेक वर्षं असे रविवार झाले. मग नंदाच्या नवऱ्याची पुण्याकडे बदली झाली, नंदा गेली, मुलापाठोपाठ आबाही पुण्यालाच राहायला गेले. मामी महिन्या-दोन महिन्यांनी तिकडे जाऊन राहू लागल्या. मामांची नोकरी होती, ते इथेच.

अशाच एका रविवारी मामी पुण्याला गेल्या होत्या आणि मी सहज कोपरखैरण्याला गेलो. मामांनी दोघांपुरता याकिसोबा केला. प्लेट दोघांनी मिळून चढवली. सगळं अगदी रीतसर. खाताना मामा मधेच थांबले आणि चव आली नाही म्हणाले. मी म्हटलं, "मामा, आता या घरात माळकरी कोण येतंय? गावठाणात आजीकडं जाऊन एक सुका बांगडा घेऊन येतो. दोन मिनिटांत जाऊन येतो."

"नगं."

"अहो, पण मासळीशिवाय ती चव येत नाही, तुम्हीच सांगायचा."

मामा उलथनीने प्लेट खरवडत राहिले. "सांगायचो. पर आता तसं न्हाय, पाव्हणं. आबा पुढं ताटली करायचे, नंदा मागनं वरडायची, पप्पा बास, त्येंच्या पोटाचा इचार करा. तवा बिनमासळीचंबी ग्वाड लागायचं." त्यांनी ताटलीतल्या शेवया एका बाजूला सारल्या. "आज बांगडा घातला तरी न्हाय लागायचं. चार मान्सांचं करायची सवय झाली, आन् खायला दोघं."

मी ताटली पुढे केली आणि म्हटलं, "वाढा आणखी." भूक नव्हती. मामांनी वाढलं, आणि मी खाल्लं.